हौदातलं वशाट झाड

आमचा कुत्रा माळकरी आहे असं मी माहेरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझी धाकटी बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. पण त्यात खोटं काही नव्हतं. पेढा दोन महिन्यांचा असताना माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबासाहेबांनी, त्याला विठ्ठलाच्या फोटोपुढं बसवलं आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात तुळशीचा एक मणी ओवला. एकच मणी, कारण अख्खी माळ तो चावून खाईल अशी त्यांना भीती होती. तेव्हापासून पेढा दूधभाकरी, ताकभात आणि सणावाराला पुरणपोळी यावर आहे. एकादशीला तो साबुदाण्याची खिचडी खातो, तीही आबांच्या शेजारी बसून. सोनईत एका कीर्तनात महाराजांनी त्याचा दाखला दिला होता. "एवढं मुकं जनावर नेम पाळतं, आणि आपण?" असं महाराज म्हणाले, आणि आबा पुढचे पंधरा दिवस गावातून ताठ मानेनं फिरले.

आता माझं सांगते. मी अश्विनी, माहेर कोपरगावचं. आमच्या घरी बुधवार आणि रविवार हे वार मटणाच्या वासावरून ओळखू यायचे. माझं लग्न जमवताना दोन्हीकडच्या मंडळींनी जमीन पाहिली, विहिरीचं पाणी पाहिलं, पत्रिका पाहिली. मी काय खाते हे कुणी विचारलं नाही आणि हे लोक काय खात नाहीत ते कुणी सांगितलं नाही. नेवासा तालुक्यातल्या या वस्तीवर आले तेव्हा कळलं की घर तीन पिढ्यांचं माळकरी आहे आणि इथं अंड्याचं नाव काढायचीसुद्धा सोय नाही. मटणमासळीला आमच्याकडे वशाट म्हणतात, आणि तो शब्दही आबा कुजबुजल्यासारखा उच्चारतात. पहिली दहा वर्षं मी पिठलं, शेंगदाण्याची आमटी आणि मेथीच्या भाजीवर काढली. मेथी वाईट नसते, पण दहा वर्षं म्हणजे फार झाली.

मग शेजारच्या वावरात लंकाबाई राहायला आली. ती पाथर्डीकडची. आधी ती आणि तिचा नवरा श्रीमंत ऊसतोडीला यायचे, नंतर इथलीच जमीन वाट्यानं करायला घेतली आणि इथंच राहिले. तिच्याकडे शिलाई मशीन आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या हाताला चव आहे. तिच्या रश्श्याचा वास पहिल्यांदा बांध ओलांडून आमच्या पडवीत आला तेव्हा मी धुणं तसंच टाकून नुसती उभी राहिले होते. पुढच्याच बुधवारी मी आबांना सांगितलं की मी लंकाबाईकडे शिवण शिकायला जाते. बुधवारी दुपारी दोन ते चार आबा देवळात पोथीला बसतात, त्यामुळे वार ठरवायला फार डोकं लागलं नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मला साधा परकर शिवता येत नाही. लंकाबाई अधूनमधून एखादी पिशवी शिवून माझ्या हातात देते, ती मी घरी आणून सगळ्यांना दाखवते. माझा नवरा ज्ञानेश्वर दुधाचा टेम्पो चालवतो. त्याला हे माहीत आहे का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. आमचं बरं चाललंय.

पेढा मोठा झाला तसा माझ्यामागं येऊ लागला. पहिल्या बुधवारी तो लंकाबाईच्या उंबऱ्याबाहेर बसला आणि माझ्या ताटाकडे असा बघत राहिला की मला माझी ती दहा वर्षं आठवली. मी त्याला एक तुकडा टाकला. चूक की बरोबर, मला तेव्हा सुचलंच नाही. त्यानंतर दर बुधवारी तो माझ्या आधीच बांधावर जाऊन थांबायला लागला. परत येताना मी वेलदोडा चघळायची आणि ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायची. तुळशीचा मणीसुद्धा पुसायची, कारण एवढी लाज मला होती.

निकिता माझी मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. यंदा दिवाळीच्या आधी ती पाझर तलावावरून बादलीत एक झाड घेऊन आली. झाड कसलं, हिरव्या दोऱ्यांचा गुंता. मूळ नाही, खोड नाही, नुसतं पाण्यात तरंगतं, आणि वर बोटभर दांड्यावर चिमुकली पिवळी फुलं. ते तिनं गोठ्याजवळच्या हौदात सोडलं आणि म्हशींनी तोंड घालू नये म्हणून कोपऱ्यात तारेची जाळी लावली. रोज सकाळी तिथं उकिडवी बसून ती भिंगातून काहीतरी मोजायची आणि वहीत लिहायची. असं चाळीस दिवस करायचं होतं. मग ते जिवंत झाड कॉलेजात नेऊन बाहेरच्या परीक्षकांपुढं बोलायचं. झाड मेलं किंवा गेलं तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला वर्षात तेवढे दिवस उरले नव्हते. हे नीट पार पडलं तर पुण्याच्या पुढच्या शिक्षणासाठी मी स्वतः पत्र देतो, असं तिचे सर म्हणाले होते. पुणे या शब्दावर पोरीचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं होतं.

"मम्मी, एक सांगते, पण आबांना बोलू नकोस," तिनं पहिल्याच दिवशी मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं. "हे झाड मांसाहारी आहे."

"म्हणजे?"

"त्या दोऱ्यांना बारीक बारीक फुगे आहेत, खसखशीएवढे. पाण्यातला किडा जवळ आला की फुगा उघडतो आणि त्याला आत ओढून घेतो. डासाच्या अळ्या पण खातं."

मी हौदात वाकून पाहिलं. झाड गरीब दिसत होतं. मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली, आणि का वाटली ते मी निकिताला सांगितलं नाही.

आबांना मात्र त्याची फुलं फार आवडली. त्या महिन्यात दोन एकादशा आल्या, दोन्हींना त्यांनी निकिताला विचारून एकेक पिवळं फूल तोडलं आणि विठ्ठलाच्या पायावर वाहिलं. "कसं सोन्यावानी हाय बग," असं ते मला म्हणाले. मी मान डोलावली आणि खिचडीत शेंगदाण्याचा कूट टाकत राहिले.

तेहतिसावा दिवस बुधवार होता. आबा दोन वाजता देवळात गेले. मी आणि पेढा लंकाबाईकडे गेलो. त्या दिवशी रस्सा असा झाला होता की मी तिसरी भाकरी मागून घेतली. पेढ्याच्या वाट्याला बरगडीचं एक हाड आलं.

"अगं, नीट बघून दे, बारीक हाड हाय ते," लंकाबाई म्हणाली.

"त्याला सवय हाय," मी म्हणाले.

घरी आलो तेव्हा पेढा गप्प होता. थोड्या वेळानं तो हौदाजवळ गेला, पाण्यात तोंड घातलं आणि तसंच काढलं. मग पुढच्या पंजानं तोंडावर मारायला लागला. लाळेच्या तारा लोंबत होत्या. मी जवळ जाऊन जबडा उघडायला बघितलं तर एरवी माझ्या हातातली भाकरी दातही न लावता घेणारा कुत्रा माझ्यावर गुरगुरला. काय झालं असावं हे मला तेव्हाच कळलं होतं.

नेमके त्याच वेळी आबा देवळातून आले. आणि नेमकी त्याच वेळी निकिता हौदाच्या पलीकडे उभी राहून परीक्षकांपुढं काय बोलायचं त्याची तयारी करत होती. मोबाईल विटेला टेकवून ठेवलेला, रेकॉर्डिंग चालू.

"ही एक मांसाहारी पाणवनस्पती आहे," ती मोबाईलला सांगत होती. "ती आपलं भक्ष्य पापणी लवायच्या आत पकडते."

आबा जागच्या जागी थांबले. त्यांनी निकिताकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, मग हौदाच्या कडेला तोंडावर पंजे मारत बसलेल्या पेढ्याकडे बघितलं. हिशोब जुळायला त्यांना वेळ लागला नाही.

"काय खातंय म्हनालीस?"

"आबा, म्हणजे बारीक किडे."

"मांसाहारी म्हनालीस. म्या ऐकलं. पेढ्यानं पान्यात तोंड घातलं आन् ह्यानं त्याची जीब धरली."

"आबा, त्याचं तोंड खसखशीएवढं आहे."

"मंग त्याला झालंय काय?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी पदराला हात पुसत उभी होते. हात कोरडे होते.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस सासूबाई गेल्या तेव्हा लोकांसमोर रडला नव्हता. "एकादशीला दोनदा वाहिलं गं मी हे फूल," ते म्हणाले. "इठोबाच्या पायावर वशाट वाहिलं. त्याचं हे फळ हाय. आन् भोगतंय कोन, तर मुकं जनावर." एवढं बोलून त्यांनी धोतराचा सोगा खोचला, तारेची जाळी उपटून बाजूला फेकली आणि बादली घेतली. हौद रिकामा करायचा, झाड उकिरड्यात टाकायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

निकिता हौदावर आडवी झाली. "आबा, सातच दिवस राहिलेत. सात दिवसांनी मी स्वतः तलावात सोडून येते. तुमच्या पाया पडते."

"माझा कुत्रा मरंल सात दिसात."

"आधी डॉक्टरला तर दाखवू," मी म्हणाले. एवढंच माझ्याच्यानं बोलवलं. लागलीच मी आमच्याकडच्या ढोरांच्या डॉक्टरला, गोरक्ष डॉक्टरला, फोन लावला. तो शेजारच्याच वस्तीवर म्हैस तपासायला आला होता. पंधरा मिनिटांत येतो म्हणाला. ती पंधरा मिनिटं आबा बादली घेऊन उभे होते, निकिता हौदाला धरून उभी होती, आणि मी मधे. माझ्याशिवाय पेढा तेवढा एकटाच खरं काय ते जाणून होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं याचं मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

गोरक्ष डॉक्टर मोटारसायकलवरून उतरला तसे आबा त्याला पेढ्याकडे न नेता आधी हौदाकडे घेऊन गेले.

"डाक्टर, ह्या झाडापासनं कुत्र्याला धोका हाय का न्हाई, तेवढं सांगा."

डॉक्टरनं वाकून पाहिलं. "हे काय आहे?"

"वशाट झाड हाय," आबा कुजबुजले.

निकितानं भिंग पुढं केलं. डॉक्टरनं झाडाचा एक दोरा बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला, मग मोबाईल काढून काहीतरी वाचलं, मग पुन्हा भिंगातून पाहिलं. त्याला ते आवडलं असावं, कारण पेढ्याला तो विसरूनच गेला होता.

"आबा," शेवटी तो म्हणाला, "यातल्या एका फुग्यात तुमच्या पेढ्याच्या मिशीचा केससुद्धा जायचा नाही. विषारी असल्याचंही कुठं दिसत नाही. कुत्र्याला या झाडापासून धोका नाही. उलट झाडालाच कुत्र्यापासून आहे, त्यानं एक घोट जोरात घेतला तर अर्धं झाड पोटात जाईल."

"जाईल न्हवं? मंग बाटला का त्यो?"

"काय?"

"झाड वशाट खातंय. झाडाचं पानी ह्यानं पेलं. ह्याच्या गळ्यात माळ हाय. मंग ह्यो बाटला का न्हाई?"

गोरक्ष डॉक्टर परभणीला पाच वर्षं शिकून आला आहे. त्यानं डोकं खाजवलं. "हे आम्हाला शिकवलं नाही आबा," तो म्हणाला. "आधी त्याचं तोंड बघू."

आबांनी पेढ्याला मांडीत घेतलं. मी मागचे पाय धरले. डॉक्टरनं जबड्यात एक कापडाची पट्टी अडकवून तोंड वर केलं, मोबाईलचा उजेड पाडला आणि "हं" केलं. मग लांब चिमटा घातला, जरा हलवला, आणि एका झटक्यात टाळूला दोन्हीकडच्या दाढांत आडवं अडकलेलं हाड बाहेर काढलं. पेढ्यानं दोनदा जीभ फिरवली, उठला, अंग झाडलं आणि हौदावर जाऊन लपालपा पाणी प्याला. मग त्यानं येऊन डॉक्टरचा हात चाटला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

डॉक्टरच्या तळहातावर ते हाड होतं. चांगलं करंगळीएवढं.

आबांनी ते हाड जवळून बघितलं, पण हात लावला नाही. "कशाचं हाय?"

"बोकडाचं," डॉक्टर म्हणाला आणि का कोण जाणे, त्याची नजर माझ्याकडे वळली.

आबा विचारात पडले. त्यांचा विचार चालू असला की त्यांच्या भुवया हलतात. भुवया थांबल्या तेव्हा त्यांना उलगडा झालेला होता.

"पाझर तलावात कुनाचं तरी करडू पडून मेलं आसंल," ते म्हणाले. "ह्या झाडानं ते खाल्लं. खाऊन खाऊन हाडूक राह्यलं, ते ह्या गुंत्यात आडकलं, बादलीतनं हितं आलं. आन् पेढ्यानं पानी पिताना गिळलं."

इतकी बेमालूम गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला स्वतःला क्षणभर खरी वाटली. डॉक्टर चिमटा पुसत राहिला. परक्या माणसानं सासऱ्या-सुनेच्या मधे पडू नये एवढं त्याला कळत होतं. मी नुसती गप्प राहिले असते तर अकरा वर्षं सुखरूप होती, पुढचा बुधवारही सुखरूप होता. जायचं होतं ते एक झाड.

"आबा, मी ते तीन पाण्यांतून धुवून आणलं होतं," निकिता म्हणाली. "हाड असतं तर मला दिसलं असतं."

"तुला कवा दिसतंय. चस्मा हाय तुला," आबा म्हणाले आणि दोन्ही हातांनी झाडाचा गुंता उचलला. पाणी निथळायला लागलं. पिवळी फुलं खाली लोंबली.

निकितानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत कुणी मारलं की बघायची तसं बघितलं. आईनं काहीतरी करावं एवढंच त्या बघण्यात होतं.

"आबा, ते खाली ठेवा," मी म्हणाले. "हाडूक माझ्या ताटातलं हाय."

आबा तसेच उभे राहिले, हातात झाड घेऊन. त्यांच्या धोतरावर पाणी गळत होतं. डॉक्टर नळावर जाऊन हात धुवायला लागला आणि फार वेळ धूत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, चहा राहू द्या, मला अजून दोन ठिकाणी जायचंय." मी चहा विचारला नव्हता.

मोटारसायकलचा आवाज लांब गेला. आबांनी झाड परत हौदात सोडलं, हळू, दोरे तुटणार नाहीत असं. मग हौदाच्या कट्ट्यावर बसले.

"किती वर्सं?"

"पेढा पाच वर्सांचा हाय. पाचच."

"त्याचं न्हवं. तुजं."

"अकरा."

"शिवनाची अकरा."

"व्हय."

त्यांनी मान हलवली. "तुजं मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तू माज्या बंडीला गुंडी लावली हुतीस, ती दुसऱ्या दिशी ताकात पडली. अकरा वर्सं शिकल्यालं मानूस आसं शिवतं व्हय? आन् दुसरं आसं, की कोपरगावची पोर धा वर्सं ह्या घरात गप वावरली. मंग एकाएकी बुधवारची गानं म्हनाय लागली. मला काय डोळं न्हाईत? म्या मनाशी म्हनलं, जाऊ दे. देव बगून घील." त्यांनी पेढ्याकडे पाहिलं. पेढा आता आडवा पडून शेपटी आपटत होता. "पन ह्येचं न्हवतं म्हाईत मला," आबा म्हणाले.

मला रडू आलं. अकरा वर्षं मी या माणसाला फसवते आहे असं समजून रोज थोडी थोडी भीत होते, आणि तो मला गाणं म्हणू देत होता. निकिता आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"त्याला मी बळंच दिलं न्हाई आबा," मी म्हणाले. "त्यो बगत बसला, म्हनून दिलं."

"आसं?" आबा म्हणाले. मग त्यांनी पेढ्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या पट्ट्यातला मणी सोडवायला घेतला. दोरा पाच वर्षांचा, गाठ घट्ट बसलेली. निकितानं कात्री आणून दिली. मणी त्यांनी कपाळाला लावला आणि बंडीच्या खिशात ठेवला. "ह्येला बी म्या इचारलं न्हवतं," ते म्हणाले. "आन् तुला बी कुनी इचारलं न्हाई. म्हंजी माझ्याच घरात दोगं जन न इचारता माळकरी केले म्या."

त्यांनी रात्री जेवण नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भाकरी नेहमीसारखी कुस्करून दुधात घातली, अर्धी स्वतःला, अर्धी पेढ्याला.

निकिताचे उरलेले सात दिवस व्यवस्थित गेले. जाळी आबांनीच परत लावली, आणि आधीपेक्षा पक्की लावली, कारण डॉक्टरनं सांगितलेली एक गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवली होती. कॉलेजात परीक्षकांनी निकिताला शेवटी विचारलं की अशी वनस्पती घराजवळ ठेवली तर पाळीव कुत्र्यामांजरांना धोका नाही का. ती म्हणाली, "वनस्पतीपासून नाही सर. घरातल्या माणसांपासून आहे." परीक्षक हसले. तिच्या सरांनी पुण्याचं पत्र लिहून दिलं. चाळीस दिवस झाल्यावर झाड परत तलावात सोडायचं होतं, तर आबाच म्हणाले, राहू दे, डास कमी झालेत.

आणि पुढच्या बुधवारी पोथीला जायच्या आधी आबा गोठ्यामागं खुडबुड करताना दिसले. जाऊन पाहिलं तर त्यांनी तीन दगड मांडून चूल केली होती.

"घरात न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हितं. भांडी येगळी, इळी येगळी. लंकीला हिकडं बोलीव. माझ्या सुनंनं लोकाच्या दारात जाऊन चोरून खायचं, हे काय बरं न्हाई. मी चारला येतो. तवर वास गेला पायजे."

"आबा, हौदाजवळ चालंल का?"

"चालंल. त्ये झाड बी खातंय, तू बी खाती. दोगंबी घराच्या भाईर."

लंकाबाई मसाल्याचा डबा घेऊन बांध ओलांडून आली आणि चुलीकडे बघून म्हणाली, "तुझ्या शिवणाचा क्लास बंद पडला म्हणायचा." त्या दिवशी पेढ्याला आम्ही हाड दिलं नाही, नुसता रश्शात भिजवलेला भाकरीचा तुकडा दिला.

त्यानंतर एकादशी आली. सकाळी आबा हौदावर फूल तोडायला गेले आणि थांबले. "निकिते," त्यांनी हाक मारली. निकिताला ते लाडात असले की असं म्हणतात. "ह्येनं आज काय खाल्लंय का?"

"अळ्या पाण्यातच आहेत आबा. ते सारखं खातंच असतं."

"आजच्या दिस तरी धर म्हनाव उपास," ते म्हणाले, आणि फूल न तोडताच परत आले. विठ्ठलाला त्या दिवशी झेंडू वाहिला. जाता जाता मला म्हणाले, "सूनबाई, तुज्यापुरतं भाकरी-कालवन करायचं आसलं तर कर. मी काय म्हननार न्हाई."

जेवायच्या वेळी त्यांनी शेजारी पेढ्याचा वाडगा मांडला, त्यात खिचडी घातली आणि हात मागं घेतला. एरवी ते त्याच्या पाठीवर थोपटून "खा रे माळकऱ्या" म्हणायचे. आज काही बोलले नाहीत. पेढ्यानं खिचडी हुंगली. आबांकडे पाहिलं. मोकळ्या पट्ट्याखाली मागच्या पायानं जरा खाजवलं, आणि मग वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"बगितलंस का," आबा मला म्हणाले. "आज कुनी सांगितलं न्हवतं त्याला." असं म्हणून त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मी माझं ताट घेऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. ताटात खिचडीच होती. एकवीस वर्षांत मी या घरात चारपाचशे एकादशा केल्या असतील, पण ही पहिली मी आपणहून केली. तीन वाजेपर्यंत मला इतकी भूक लागली की जीव कासावीस झाला. आबांनी स्वतःच्या वाटीतलं उकडलेलं रताळं मोडलं, अर्धं माझ्याकडे सरकवलं आणि अर्धं पेढ्याकडे.